गुराबेवरच्या माणसांचा कागदी माग

अर्नाळ्याच्या जलदुर्गाच्या दरवाजावर एक मराठी शिलालेख आहे. त्यात बाजीराव पेशव्यांचं नाव आहे आणि त्यांनी ज्यांना आज्ञा दिली त्या शंकराजींचंही. पाश्चात्यांना मारून समुद्राच्या पोटात झटपट जंजिरा बांधा, अशी ती आज्ञा. ज्यांच्या हातून काम उभं राहिलं त्या बाजी तुळाजींचा उल्लेखही लेखात येतो. राजोडीहून किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेला गेलं की वैतरणेच्या मुखाशी हे बेट लागतं. १७३७ साली ते पोर्तुगिजांच्या हातून मराठ्यांकडे आलं. माणसं, चुना, तोफा, धान्य, सारं होड्या-मचव्यांतून पाण्यावरूनच तिथे गेलं. ते नेणाऱ्या एकाही माणसाचं नाव दगडावर नाही.

१८ जून २०२५ रोजी विशाखापट्टणमला भारतीय नौदलात दाखल झालेल्या पाणबुडीविरोधी युद्धनौकेचं नाव याच बेटावरून 'आयएनएस अर्नाळा' ठेवलं आहे. सुमारे ७७ मीटर लांबीच्या या नौकेवर कोण कुठल्या कामाला आहे, कोणाचा हुद्दा काय, कोण कधी चढला, कधी उतरला, याची नोंद नौदलाकडे असणारच. पण वसई किंवा विजयदुर्गाच्या बंदरातून सुटणाऱ्या गुराबेवर, म्हणजे तोफा असलेल्या लढाऊ जहाजावर, कोण असायचं? शीड कोण चढवायचं, तोफेला बत्ती कोण द्यायचं, पाणी संपलं तर हिशेब कोणाला द्यावा लागायचा? खलाशाने स्वतः लिहिलेली रोजनिशी मराठी आरमाराच्या अभ्यासकांना मिळालेली नाही. त्या माणसाला शोधायचं तर त्याला पगार देणाऱ्याच्या, त्याच्याशी लढणाऱ्याच्या किंवा त्याची तक्रार ऐकून घेणाऱ्याच्या कागदात शोधावं लागतं. असे कागद खूप आहेत. ते वाचायची रीत मात्र थोडी वेगळी आहे.

सुरुवात नियमांपासून करणं सोपं. कोल्हापूरच्या गादीसाठी रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५-१६च्या सुमारास लिहिलेल्या 'आज्ञापत्रा'त आरमारावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. किल्ले आणि वतनं यांविषयी या ग्रंथातून उतारे पुष्कळ दिले जातात. आरमाराच्या प्रकरणातून हमखास येतो तो झाडांचा उतारा. सागवान तोडायचं ते सरकारी रानातून, परवानगी घेऊन. आंबा-फणसाचं लाकूडही गलबतांना उपयोगी, पण रयतेने ती झाडं लेकरांसारखी वाढवलेली असतात, त्यांना हात लावायचा नाही. झाड जीर्ण झालं असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन मगच तोडायचं. पर्यावरणदिनाच्या भाषणांत हा भाग हटकून येतो. पण त्याच्या आजूबाजूची पानं जहाजावरच्या आयुष्याच्या दृष्टीने जास्त बोलकी आहेत.

जहाजं फार मोठी नकोत आणि अगदी लहानही नकोत, असं अमात्य सांगतात. वारा नसला की अचल होऊन बसेल असं थोरलं जहाज त्यांना नको होतं. प्रत्येक सुभ्याला पाच गुराबा आणि पंधरा गलबतं, वर एक सरसुभा, अशी त्यांची रचना. भांडी म्हणजे तोफा, जंबुरे म्हणजे लहान तोफा, बंदुका, जखिरा म्हणजे साठा, आणि होके, म्हणजे होकायंत्रं, हे सामान जहाजावर असलंच पाहिजे. मग येते पगाराची गोष्ट. आरमाराचा खर्च बंदरांच्या उत्पन्नावर टाकायचा नाही, ठरावीक महालांच्या वसुलातून तो नेमून द्यायचा. कारण सरळ आहे: बंदराच्या पैशावर पोट असलेला आरमारी माणूस व्यापाऱ्याला छळणार, आणि व्यापारी एकदा बिथरला की बंदर बसणार. या एका सूचनेतून जहाजावरच्या माणसाचं वास्तव कळतं. पगार वेळेवर मिळत नसे, तेव्हा तो कुठून तरी वसूल व्हायचा. नियम सहसा जे घडत असतं त्याच्याविरुद्ध लिहिले जातात. अभ्यासकाने ते उलटे वाचायचे असतात.

पावसाळ्याचं कलमही असंच. पाऊस सुरू होण्याआधी जहाजं सुरक्षित बंदरात आणून ओढायची, जवळ किल्ला असलेल्या खाडीत ठेवायची, आणि दरवर्षी त्याच बंदरात छावणी करायची नाही. यामागचा त्रास अमात्यांना माहीत होता. चार महिने रिकामी बसलेली शेकडो माणसं एकाच गावावर पडली तर त्या गावाचं काय होणार? आज महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला १ जून ते ३१ जुलै बंदी असते. तेव्हाचा हंगामही याच मोसमी वाऱ्यांवर चालायचा. युद्ध, व्यापार, पगार, घरी येणं, सारं त्या चार महिन्यांच्या अलीकडे-पलीकडे.

नियमांनंतर हुद्दे. इथे मराठी कागदांच्या आधी एका फारसी ग्रंथाकडे जावं लागतं. अबुल फज़लच्या 'आईन-इ-अकबरी'त, सोळाव्या शतकाच्या अखेरीस, मोठ्या जहाजावरच्या माणसांचे बारा प्रकार दिले आहेत. नाखुदा जहाजाचा धनी किंवा प्रमुख. मुअल्लिम खोली आणि तारे जाणणारा, वाट दाखवणारा. तांडेल खलाशांचा म्होरक्या. सरहंग, म्हणजे आपला सारंग, जहाज लावण्या-सोडवण्याचं काम पाहणारा. भंडारी कोठारावर. किराणी कारकून, हिशेब लिहिणारा, शिवाय उतारूंना पाणी वाटून देणारा. सुकाणू धरणारे वेगळे, बंदरात सरपण आणि चारा पुरवणारा वेगळा, गळतीचं पाणी उपसणारे वेगळे, तोफा डागणारे वेगळे. पंजरी डोलकाठीच्या टोकावर बसून जमीन, जहाज किंवा येणारं वादळ दिसलं की ओरडून सांगणारा. आणि सगळ्यांत खाली खारवे, शीड चढवणारे-उतरवणारे. त्यांच्यातलेच काही बुडी मारून भोक बुजवणारे किंवा अडकलेला नांगर सोडवणारे.

या यादीतलं पाणी वाटण्याचं काम लक्षात ठेवण्यासारखं आहे. लांबच्या सफरीत पिण्याचं पाणी हीच खरी संपत्ती, म्हणून ते वाटायचं काम लेखणी बाळगणाऱ्याकडे. ही जहाजावरची सत्ता. ती लढाईच्या वर्णनांत कधी दिसत नाही.

वसई-विरारच्या किनाऱ्यावरच्या माणसाला या यादीतले कितीतरी शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. नाखवा, तांडेल, खलाशी आजही बोटींवर आहेत. पण इथेच अभ्यासकाचा पाय घसरतो. अबुल फज़लची यादी मुघल बंदरांतल्या व्यापारी आणि यात्रेकरू जहाजांची आहे. अंगावर तोफा घेऊन किनाऱ्यालगत धावणाऱ्या मराठी गलबतावर बारा प्रकारची माणसं ठेवायला जागाच नव्हती. तिथे एकच माणूस दोन-तीन कामं करायचा. यादी जशीच्या तशी उचलून आरमाराचे सरदार असलेल्या आंग्र्यांच्या गुराबेवर चिकटवता येत नाही. ती प्रश्न विचारायला उपयोगी: या गलबतावर हिशेब कोणाकडे होता? पंजरी होता का?

त्यांची उत्तरं मोडी लिपीतल्या कागदांत आहेत. पुण्याच्या पुराभिलेखागारातल्या पेशवे दप्तराचे निवडक कागद गो. स. सरदेसाई यांनी १९३०च्या दशकात ४५ भागांत छापले. त्याआधी गणेश चिमणाजी वाड यांनी सातारच्या छत्रपतींच्या आणि पेशव्यांच्या रोजनिश्यांतून वेचे काढले होते, त्यांत आरमाराच्या खर्चाचे आणि हुकुमांचे कागद आहेत. सुरेंद्रनाथ सेन यांनी १९२८ साली मराठ्यांच्या लष्करी पद्धतीवर ग्रंथ लिहिला, त्यातली आरमाराची प्रकरणं बरीचशी अशा कागदांवर आणि पोर्तुगीज दप्तरावर उभी आहेत. बी. के. आपटे यांचं मराठा आरमार आणि व्यापारी जहाजांवरचं पुस्तक १९७३चं. आरमारावर लिहिताना अजूनही या दोघांपाशी थांबल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

छापलेला कागद वाचणं सोपं वाटतं, पण तारखेपाशी अडतं. पेशवाई कागदांवर महिना मुसलमानी आणि साल शुहूर असतं. सालाचे आकडे अरबी शब्दांत लिहिलेले, तारीख चंद्राची. या शुहूर सालाला मृगसाल असंही म्हणतात, कारण ते मृग नक्षत्रावर, जूनच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस बदलतं. कारकुनाला हे वर्ष शेतीच्या वसुलासाठी सोयीचं होतं, योगायोगाने आरमारालाही. नवं वर्ष लागायचं तेव्हा जहाजं ओढलेली असायची, मागच्या हंगामाचा हिशेब मिटवायला वेळ असायचा. जानेवारीत सुरू होणाऱ्या वर्षाची सवय असलेला वाचक एका हंगामाचा खर्च दोन वेगवेगळ्या वर्षांत टाकून मोकळा होतो आणि मग 'अमुक साली आरमारावर खर्च निम्म्याने घटला' असे निष्कर्ष निघतात.

हिशेबाचा कागद कंटाळवाणा दिसतो, पण माणूस तिथेच सापडतो. सुंभ, काथ्या, शिडाचं कापड, डांबर, तेल, तांदूळ, दारूगोळा यांच्या रकमा आल्या की जहाज दुरुस्तीला होतं का मोहिमेला निघालं होतं हे कळतं. खलाशी आणि शिपाई यांची असामी वेगळी लावलेली असेल तर त्या जहाजावर चालवणारे आणि लढणारे वेगळे होते हे कळतं. मराठी कारभारात लढाईत पडलेल्यांच्या मुलांसाठी बालपरवेशी म्हणून नेमणूक करून देण्याची रीत होती. अशी नोंद सापडली तर बापाचं नाव मिळतं. ज्याचं नाव हयातीत कुठल्याच पत्रात आलं नाही, तो मेल्यावर एका ओळीत दिसतो.

शत्रूचे कागद वेगळ्या अर्थाने उदार आहेत. आपल्या माणसांना जे रोजचं म्हणून लिहावंसं वाटलं नाही, ते परक्याने नवलाईने लिहून ठेवलं. १६७९ सालच्या खांदेरीच्या झुंजीचंच घ्या. मुंबई बंदराच्या तोंडाशी असलेल्या या बेटावर शिवाजी महाराजांनी मायनाक भंडाऱ्याच्या हाताखाली माणसं उतरवली आणि तटबंदी सुरू केली. सभासदाच्या बखरीत दर्यासारंग आणि मायनाक भंडारी हे आरमाराचे दोन सुभेदार म्हणून येतात, पण खांदेरीवर रोज काय चाललं होतं ते मुंबईकर इंग्रजांच्या पत्रांत आहे. सप्टेंबरात इंग्रजांनी बेट घेरायचा प्रयत्न केला, त्यात लेफ्टनंट थॉर्प मारला गेला. १८ ऑक्टोबरला मराठी आरमार चालून आलं, इंग्रजांचं 'डव्ह' मराठ्यांच्या हाती पडलं आणि कॅप्टन केग्विनच्या 'रिव्हेंज'ने एकटीने झुंज दिली. मराठी बाजूचं हे चित्र इंग्रजांच्या कुरकुरीतून उभं राहतं: त्यांच्या लहान होड्या अंधारात आपल्या जहाजांच्या बगलेतून बेटावर रसद पोचवतात, आणि वारा पडला की आपली मोठी जहाजं त्यांना गाठू शकत नाहीत.

या पत्रांत आणखी एक गोष्ट बारकाईने पाहिली तर दिसते. इंग्रजांनी नाकेबंदीसाठी भाड्याने शिबाडं, म्हणजे स्थानिक मालवाहू जहाजं, घेतली होती, आणि ती चालवणारे खलाशी याच किनाऱ्यावरचे होते. म्हणजे खांदेरीच्या पाण्यात दोन्ही बाजूंची शिडं बहुधा एकाच प्रकारच्या हातांनी ओढली जात होती. राष्ट्रीय गौरवाच्या भाषणात ही बाब बसत नाही; जहाजावरच्या जीवनाचा अभ्यास करताना ती टाळता येत नाही.

१८व्या शतकात अशी वर्णनं वाढतात. रॉबर्ट ऑर्मने १७६३ साली छापलेल्या इतिहासात आंग्र्यांच्या जहाजांचं मोजमाप दिलं आहे. गुराबा बहुतेक दोन डोलकाठ्यांच्या, सुमारे १५० ते ३०० टन. त्यांची नाळ पुढे लांब निघालेली, आणि पुढच्या बाजूला रोखलेल्या दोन मोठ्या तोफा, नऊ ते बारा पौंडी. गलबतं ७० टनांच्या वर क्वचितच, पण त्यांना चाळीस-पन्नास वल्ही. वारा नसतानाही ती ताशी चार मैल वेगाने जात. आंग्र्यांच्या मुख्य आरमारात आठ-दहा गुराबा आणि चाळीस-पन्नास गलबतं, माणसांनी गच्च भरलेली.

हे आकडे थांबून वाचावेत. एका गलबतावर चाळीस-पन्नास वल्ही म्हणजे निदान तितके वल्हेकरी. शिवाय बंदुकधारी शिपाई, गोलंदाज, सुकाणूवरचा माणूस, तांडेल. सत्तर टनांच्या आतल्या, उघड्या होडीत एवढी माणसं, त्यांचं पाणी, त्यांचे तांदूळ. कोणी आठ-आठ दिवस समुद्रात राहिलं असतं, अशी जागाच नव्हती. आंग्र्यांचे किल्ले किनाऱ्यावर एकमेकांपासून एका दिवसाच्या पल्ल्यात का उभे होते, याचं एक कारण वल्ह्यांच्या या आकड्यांत आहे. अमात्यांनी वारा अनुकूल नसेल तर झुंज न धरता किल्ल्याच्या आसऱ्याला यावं असं का सांगितलं, तेही इथे कळतं.

पण ऑर्म स्वतः गलबतावर नव्हता. क्लेमंट डाउनिंग होता. तो इंग्रज जहाजावर मिडशिपमन, आणि १७३७ साली त्याने कान्होजी आंग्र्यांबरोबरच्या युद्धांचं पुस्तक लंडनला छापलं. मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याने आंग्र्यांचे किल्ले घेण्यासाठी केलेल्या मोहिमा, त्यासाठी बांधलेला आणि फसलेला तरंगता तोफखाना, १७२१ची कुलाबा किल्ल्यावरची इंग्रज-पोर्तुगिजांची संयुक्त फजिती हे सारं त्यात खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याच्या नजरेतून येतं. जेम्स प्लांटेन नावाचा चाचा मादागास्करहून निघून आंग्र्यांकडे मुख्य गोलंदाज झाला, हेही त्यातच. आरमारात तोफेवरचा माणूस हा विशेष कारागीर होता, आणि त्याचा देश कोणता, धर्म कोणता, याची फारशी चौकशी होत नव्हती. डाउनिंग रंगवून लिहितो, काही ठिकाणी ऐकीव सांगतो. त्याच्या प्लांटेनच्या गोष्टीवर किती भरवसा ठेवायचा यावर वाद घालता येईल, पण आंग्र्यांकडे युरोपी गोलंदाज होते ही बाब इतर कागदांतूनही दिसते.

इंग्रज जहाजांची रोजनिशी मात्र रंग भरत नाही. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांच्या रोजनिश्या आणि पगाराच्या वह्या जपलेल्या आहेत. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागारात कंपनीच्या मुंबई सरकारचे सागरी कागद. रोजनिशीचं पान रकान्यांचं असतं: तास, वेग, दिशा, वारा, आणि उरलेल्या जागेत जे घडलं ते. जहाजाचा दिवस दुपारी बारा वाजता सुरू व्हायचा आणि दुसऱ्या दुपारी संपायचा. त्यामुळे संध्याकाळची चकमक रोजनिशीत उद्याच्या तारखेला सापडते. गोऱ्या खलाशांची नावं पगारपुस्तकात एकेक लिहिलेली असतात, हिंदी खलाशी बहुधा 'लास्कर, इतके' अशा आकड्यात. सारंग आणि तांडेल यांची नावं अधूनमधून येतात, कारण माणसं त्यांनी जमवून आणायची आणि पगारही त्यांच्या हातून वाटला जायचा.

पोर्तुगिजांकडे तर वसईचा जन्मच जहाजावर झाल्यासारखा आहे: १५३४च्या डिसेंबरात गुजरातच्या बहादूरशाहाने वसई त्यांना दिली तो करार 'साओ मातेउस' या जहाजावर झाला. पणजीच्या पुराभिलेखागारात त्यांचा पत्रव्यवहार आहे; गोव्याहून मोसमी वाऱ्यांवर लिस्बनला जाणाऱ्या आणि तिथून येणाऱ्या पत्रांची मालिका 'मोंसून बुकं' म्हणूनच ओळखली जाते. हे कागद मराठी वाचकापर्यंत आणले ते गोव्याचे पांडुरंग पिसुर्लेकर यांनी. त्यांचा 'पोर्तुगेज-मराठे संबंध' हा ग्रंथ पुणे विद्यापीठाने १९६७ साली काढला. वसईच्या लढाईचा अभ्यास करणाऱ्याला त्यात पहिलाच धक्का तारखेचा बसतो. इंग्रज तेव्हा जुनं ज्युलियन कॅलेंडर वापरत होते, पोर्तुगीज नवं. त्यामुळे १७३९च्या मे महिन्यात वसईचा पोर्तुगीज सेनापती शरण आला ती तारीख पोर्तुगीज कागदांत १६ आणि इंग्रज कागदांत ५. मराठी कागदांत ती अर्थातच तिसऱ्या प्रकारे. तिन्ही एकाच दिवशी आणल्याशिवाय त्या दिवशी खाडीत भरती होती का ओहोटी, हा साधा प्रश्नही सोडवता येत नाही.

चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यावर पेशव्यांचं स्वतःचं आरमार या बाजूला उभं राहिलं; १७५६ साली आंग्र्यांचं विजयदुर्ग पडल्यावर ते तिकडे धुळप घराण्याच्या हाती वाढलं. ८ एप्रिल १७८३ रोजी आनंदराव धुळपांच्या आरमाराने मुंबईहून निघालेलं कंपनीचं 'रेंजर' जहाज पकडलं. लढाईचा इंग्रजी तपशील बारीक आहे: समोर दोन मोठी जहाजं, एक केच आणि आठ गलबतं, साडेचार तासांची झुंज, जहाजावरच्या लष्करी अधिकाऱ्यांपैकी कर्नल हंबर्स्टन गोळी लागून पुढे मेला. इंग्रज-मराठ्यांमधला सालबाईचा तह झालेला होता, त्यामुळे प्रकरण राजनैतिक वादात गेलं आणि कागद वाढले. कागद वाढले की अभ्यासकाला आनंद होतो. मात्र त्या आठ गलबतांवरून 'रेंजर'वर उड्या टाकणाऱ्यांची नावं या तपशिलात येत नाहीत. कोण आधी चढला, कोण पडला, हे मराठी बाजूच्या बक्षिसांच्या आणि नेमणुकांच्या नोंदींतच शोधावं लागतं.

विसाव्या शतकात चित्र बदलतं, कारण तेव्हा खलाशी स्वतः बोलायला लागतो. ब्रिटिश सरकारच्या रॉयल इंडियन मरीनमध्ये पूर्वापार भरती रत्नागिरी जिल्ह्यातली, कोकणी मुसलमान आणि मराठा घरांतली. २ ऑक्टोबर १९३४ला तिचं रॉयल इंडियन नेव्ही झालं, आणि दुसऱ्या महायुद्धात सगळ्या देशातून माणसं घेतली गेली. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईच्या कुलाब्यातल्या 'तलवार' या संदेशशाळेतल्या नौसैनिकांनी जेवणाच्या तक्रारीवरून काम बंद केलं. बघताबघता ७८ जहाजं, वीस तळ आणि सुमारे वीस हजार नौसैनिक संपात आले.

या उठावाचे राजकीय अर्थ सगळ्यांनी लावले आहेत. जहाजावरच्या जीवनाचा अभ्यासक मागण्यांची यादी वेगळ्या डोळ्यांनी वाचतो. चांगलं हिंदुस्थानी जेवण. पगार, कुटुंबभत्ता आणि कँटीन ब्रिटिश नौदलाच्या बरोबरीने. सुटका होताना कपड्यांचा संच परत घ्यायचा नाही. अधिकाऱ्यांची वागणूक सुधारावी. यातली कपड्यांची मागणी फार बोलते: वर्षानुवर्षं अंगावर वापरलेला गणवेश नोकरी संपल्यावर सरकार परत मागत होतं. संपाच्या नेतृत्वात संदेशवहन शाखेतली माणसं पुढे होती; केंद्रीय संप समितीचा अध्यक्ष एम. एस. खान सिग्नलमन, उपाध्यक्ष मदनसिंग टेलिग्राफिस्ट. जे इंग्रजी वाचू शकत होते, ज्यांच्या हातातून जहाजा-जहाजांमधले संदेश जात होते, तेच पुढे आले यात नवल नाही. इथे हुद्दा हाच पुरावा होतो.

उठावानंतर पाटण्याचे मुख्य न्यायाधीश सर सय्यद फज़ल अली यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला गेला. त्याच्यासमोरच्या साक्षींत भरतीच्या वेळी दिलेल्या आश्वासनांपासून झोपायच्या जागेपर्यंत सगळं येतं. साक्षी देणारे घाबरलेले आहेत, काही खोटं बोलत आहेत, अधिकारी स्वतःला वाचवत आहेत. तरी शेकडो माणसं एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत सांगतात तेव्हा ती गोष्ट खरी धरायला हरकत नसते. उठावाआधी भिंतींवर घोषणा रंगवल्याबद्दल पकडले गेलेले बी. सी. दत्त यांनी १९७१ साली मुंबईत आपलं इंग्रजी आठवणींचं पुस्तक काढलं. पंचवीस वर्षांनंतरची आठवण आणि त्याच वर्षीची साक्ष एकमेकांशेजारी ठेवली की कोणत्या गोष्टी माणूस विसरतो आणि कोणत्या नव्याने रचतो, हेही दिसतं.

या सगळ्यात ज्याला आपल्याच घरातला माणूस शोधायचा आहे, त्याच्यासाठी एक जागा मुंबईतच आहे. मस्जिद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये दोन्ही महायुद्धांत समुद्रात मरण पावलेल्या आणि ज्यांना थडगं मिळालं नाही अशा हिंदी खलाशांची स्मारकं आहेत. नोंदवह्या राष्ट्रकुल युद्धस्मृती आयोगाच्या. त्यांत नाव, हुद्दा, जहाज आणि तारीख असते, पुष्कळदा बापाचं नाव आणि गावही असतं. स्टोकर, सीमन, स्वयंपाकी, साफसफाईचा टोपास, सगळ्यांच्या नोंदी सारख्याच रकान्यांत. नावं मात्र इंग्रज कारकुनाच्या कानाला ऐकू आली तशी लिहिलेली आहेत, आणि आडनाव पुष्कळदा लिहिलेलंच नाही. त्यामुळे आजोबांचं नाव सापडलं नाही तर त्यांच्या वडिलांच्या नावावरून शोधावं, तेही जमलं नाही तर गावाच्या नावाची चार-पाच स्पेलिंग करून बघावी, आणि मग जहाजाचं नाव घेऊन त्याच तारखेच्या बाकीच्या नोंदी वाचाव्यात.